जनुक तपासणीच्या रिपोर्टातला ‘जीजी’: माझा अनुभव

घरात दारूने सिरोसिस (यकृत कायमचं कडक, व्रणयुक्त होणं) झालेला आहे म्हणून मी इंदूरमध्ये पीएनपीएलए३ या जनुकाची तपासणी करून घेतली. या जनुकातल्या एका बदलाने यकृतविकाराचा धोका वाढतो. रक्त दोन-तीन मिलिलिटरच लागतं, जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत. उपाशी राहायची गरज नाही. मात्र रक्त घेतल्याबरोबर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायला सांगा. माझ्या वेळी ते राहून गेलं, नळीत गुठळी झाली आणि पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली.

खरी अडचण रिपोर्टात होती. आरएस७३८४०९ (जनुकातल्या त्या बदलाच्या जागेचा क्रमांक) समोर नुसतं ‘जीजी’, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रतींत तिथे ‘जी’ हे डीएनएचं अक्षर. डीएनएच्या एका धाग्यावर जिथे सी असतो, तिथे समोरच्या धाग्यावर जी असतो. लॅबने कोणता धागा वाचला ते लिहिलं नसेल, तर ‘जीजी’ म्हणजे सर्वात जास्त धोका की सर्वात कमी, हे कळतच नाही. म्हणून प्रथिनातला बदल लिहून मागा: १४८व्या जागी आयसोल्युसिन (नेहमीचं अमिनो आम्ल) की मेथिओनिन (धोका वाढवणारं)? मी लेखी मागितलं, तेव्हा उत्तर आलं, दोन्ही प्रतींत मेथिओनिन, म्हणजे सर्वात जास्त धोका.

हे बदललेलं प्रथिन यकृताच्या पेशीतल्या चरबीच्या थेंबांवर साचून राहतं आणि ती चरबी फुटू देत नाही. २००८ मध्ये याचा संबंध फॅटी लिव्हरशी दिसला, २०१० मध्ये दारूच्या यकृतविकाराशी. पण आयसोल्युसिन निघालं म्हणजे प्यायला मोकळीक, असं मुळीच नाही. त्या लोकांनाही सिरोसिस होतो.

यकृत आज कसं आहे ते जनुक सांगत नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालं आहे ते बाहेरूनच मोजणारी तपासणी. आधी तीन तास पोट रिकामं हवं, म्हणजे सकाळचे पोहे-जलेबी तपासणीनंतर. उजवा हात डोक्यामागे, फासळ्यांच्या मधे प्रोब, निदान दहा रीडिंग. रिपोर्टात आयक्यूआर-मीडियन (रीडिंग एकमेकांपासून किती विखुरलेली आहेत ते) ३० टक्क्यांच्या आत आहे ना, ते पाहा.

डॉक्टरांना ‘दोन पेग’ सांगू नका, घरचा पेग कितीचाही असतो. मिली सांगा. ४२.८ टक्क्यांची १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल.

आदल्या काही दिवसांत भरपूर पिणं झालं असेल, तर यकृताच्या सुजेमुळे स्कॅनचा आकडा फुगलेला येतो. दारू बंद करून काही आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करावा लागतो. रोज पिणाऱ्याने मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी, एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात.