रोपं लावली एकदाची, यंदा जागा बदलून

काल संध्याकाळी लावणी संपली. १४ वांगी, १० टोमॅटो, ८ मिरच्या आणि बांधाच्या कडेला सब्जा. कंबरेचे बारा वाजलेत.

मागच्या दारचा वाफा यंदा सोडून दिला. गेल्या वर्षी तिथले टोमॅटो हिरवेगार असतानाच दुपारी माना टाकायचे, रात्री सावरायचे आणि चार-पाच दिवसांत खलास, पानावर डाग नाही की पिवळेपणा नाही. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी आपली कळशीवर कळशी ओततेय! शेवटी एक खोड तिरकं कापून काचेच्या ग्लासात पाण्यात धरलं, तर थोड्या वेळात कापल्या जागेतून दुधाळ धागा हळूहळू खाली उतरायला लागला. तो धागा म्हणजे जिवाणूच, आणि रोग जिवाणूची मर, म्हणजे झाड हिरवंच सुकवणारा रोग. हा जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि वांगी-टोमॅटो-मिरची, सगळ्या भावंडांना धरतो. म्हणून तिथे आता लाल माठ आणि मुळा, आणि रोपं भात कापलेल्या खाचरात गादीवाफे (उंच वाफे) करून. पावसाळाभर पाणी तुंबलेल्या जमिनीत तो बराच कमी होतो. टोमॅटोही मर सोसणारा आणला, बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक.

रोपं महिन्याची, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ट्रेमधली. शेवटचे आठ दिवस पाणी कमी केलं आणि रोज थोडं थोडं ऊन दाखवलं (गेल्या खेपेला पडवीतून थेट उन्हात नेली होती, पानं कागदासारखी पांढरी झाली). टोमॅटोची खालची पानं खुडून अर्धं खोड मातीत पुरलं, त्याला तिथून मुळं फुटतात. वांगी-मिरच्या मात्र ट्रेमध्ये होत्या तेवढ्याच खोल. वांग्यात ६० सेंमी अंतर, रोपं एवढीशी दिसतात म्हणून जवळ लावायचा मोह होतो, मलाही झालाच. कोथिंबीर ट्रेमध्ये करूच नका, सोटमूळ दुखावलं की लगेच फुलावर जाते, मी धणे रगडून थेट वाफ्यात टाकले.

वर नारळाच्या झापांची सावली केली, बुडाशी पातेरा (सुका पाला) पसरला आणि आज सकाळी बघते तर तीन मिरच्या उकरून बाहेर! शेजारच्या काकूंच्या कोंबड्या. काकूंना सांगितलं तर म्हणतात, "अगो, पातेरा घातलास तर त्या किडे शोधायला येणारच." तिन्ही परत लावल्यात, एक जरा मलूल आहे. दुपारी करवंदीच्या काट्या तोडून आणायच्यात वई (कुंपण) घालायला.