प्रोग्रामिंगची पहिली भाषा म्हणून मला तरी कोमलच पटते

सुट्टीत भुसावळला घरीच पोरांना प्रोग्रामिंग शिकवतोय, लॅपटॉपवर कमोडोर 64 या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा इम्युलेटर (त्याची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून त्यात कोमल (COMAL) ही भाषा. हे काय जुनंपानं काढलंस असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

डेन्मार्कमधल्या एका शिक्षक प्रशिक्षण कॉलेजात बॉर्गे क्रिस्टेन्सन शिकवायचे. विद्यार्थी बेसिक या सोप्या भाषेत प्रोग्राम लिहायचे आणि ते वाचता वाचता यांच्या नाकी नऊ यायचे, जिकडे बघावं तिकडे गोटू, म्हणजे अमुक ओळीवर उडी मार. मग 1973 च्या सुमारास बेनेडिक्ट लॉफस्टेड यांच्यासोबत बसून त्यांनी बेसिकचा सुटसुटीतपणा ठेवला आणि पास्कल या दुसऱ्या भाषेची शिस्त त्यात आणली, तीच कोमल.

आमच्यात रावेरकडचा एक पोरगा आहे, घरची केळी. त्याला म्हटलं घडांची वजनं टाकत जा, शून्य टाकलं की बेरीज दाखव. बेसिकमध्ये केलं तर वजन शून्य असेल तर गोटू 60, खाली परत गोटू 20, शेजारच्याला वाचायला दिलं तर तो म्हणे "सर, हाई कथा चालनं?" (हे कुठे चाललंय?) तेच कोमलमध्ये व्हाइल वजन > 0 डू (वजन शून्याच्या वर आहे तोवर करत राहा), मध्ये बेरीज आणि पुढचं इनपुट, शेवटी एंडव्हाइल, बस. प्रोग्राम बघायला लिस्ट ही कमांड दिली की मधल्या ओळी आपोआप आत सरकतात, लूप कुठे सुरू झाला कुठे संपला ते पोरांना न सांगता दिसतं. ओळ चुकली तर एंटर मारताच तिथल्या तिथे सांगते, रन करेपर्यंत थांबत नाही. आणि नावं! कमोडोरचं बेसिक नावाची पहिली दोनच अक्षरं बघतं, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं वजन आणि वाहतूक त्याला एकच, एकात टाकलं की दुसरं गेलं. कोमलमध्ये पूर्ण नाव चालतं.

आपल्याकडे 1984 ला क्लास प्रोजेक्ट या शाळांत कॉम्प्युटर देण्याच्या सरकारी योजनेत काही शाळांना बीबीसी मायक्रो हे कॉम्प्युटर मिळाले होते. त्याच्या बेसिकमध्ये प्रोसिजर (नाव दिलेले प्रोग्रामचे छोटे तुकडे) होत्या, रिपीट अंटिल हा लूप होता, पण व्हाइल नव्हतं. त्याच मशीनसाठी कोमलची रॉम (भाषा आत भरलेली चिप) निघालेली, ती तेव्हा आपल्या शाळांमध्ये यायला हवी होती असं मला फार वाटतं.

आता प्रोसिजर घेणार आहे, भाव वेगळा, वाहतूक वेगळी. कोमलचं 0.14 व्हर्जन कॉपी करून वाटायला मोकळंच होतं, जळगाव-भुसावळकडे कोणाला पाहिजे असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या, टाकून देतो.