बुलेट ३५० ला २८ चा कार्ब: सगळं अडतं ते पाव थ्रॉटलला

२८ मिमीचा कार्ब (कार्ब्युरेटर) बसवायला वेळ लागत नाही, जेटिंग, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या भोकांचं माप जुळवणं, जीव खातं. नाशकात द्वारकेपासून सातपूरपर्यंत कुणाही मेस्त्रीला सांगा, ‘हळू चालवताना अडकते’. तो आधी मेन जेटच काढणार. माझी चिडचिड याचीच. मेन जेटचं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढे सुरू होतं. पाव थ्रॉटलला फुसफुसणाऱ्या गाडीशी त्याचा संबंध काय?

जुन्या कास्ट आयर्न इंजिनाचा बोअर ७०, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. त्यावर २४ चा मिककार्ब कंपनीचा कार्ब यायचा. २८ लावला की गळ्याचं क्षेत्रफळ ३६ टक्के वाढतं. थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर ३००० आरपीएमला सक्शन स्ट्रोकमध्ये हवेचा सरासरी वेग २४ मध्ये सेकंदाला ७६ मीटर, २८ मध्ये ५६. जेटवरची ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ती जवळपास निम्मी होते. पेट्रोल कमी उचललं जातं, गाडी लीन होते. फायदा वरच्या आरपीएमला. गावातल्या गर्दीत पिकअप उलट मंदावतो. हे आधी मान्य असेल तरच खर्च करा.

आता अडकण्याचं. आधी फ्लोटची (कार्बच्या वाटीत पेट्रोल किती राहील ते ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी तपासा. मग इंजिन थंड असतानाच सुरू करून मॅनिफोल्डच्या (कार्ब इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) सांध्यावर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा. आरपीएम हलले तर तिथून हवा शिरतेय, जेट बदलून काही होणार नाही. नंतर एअर स्क्रू पूर्ण बंद करून दीड आटा उघडा. आत फिरवला की रिच (पेट्रोल जास्त), बाहेर लीन. अडीच आट्यांच्या पुढे जावं लागलं तर पायलट, म्हणजे पाव थ्रॉटलपर्यंतचा जेट, मोठा आहे, पाऊण आट्याच्या आत यावं लागलं तर लहान. पाव ते पाऊण थ्रॉटलचं काम कार्बातल्या सुईचं: क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर, म्हणजे रिच.

मॅनिफोल्डही २८ चाच घ्या, हे आधीच सांगायला हवं होतं. नाहीतर तोंडाशी चहूबाजूंनी २ मिमीची पायरी राहते.

जेटवरच्या नंबरावर भरवसा ठेवू नका. नकली जेटचं भोक नंबराशी जुळतंच असं नाही.

मेन जेट सगळ्यात शेवटी. गंगापूर रोडच्या पुढे, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल, क्लच दाबून लगेच इंजिन बंद, प्लग बाहेर. पांढरा दिसला तर जेट वाढवा, काजळी असेल तर उतरवा, फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. ‘कसारा घाट चढला की जेट बदल’ हेही ऐकू नका. नाशिक साधारण ६०० मीटरवर, हवा पाच-सहा टक्केच विरळ. फरक जेटच्या एका नंबराइतकाही पडत नाही.