गाणारा माणूस बोलतो तेव्हा

अमळनेर तालुक्यातल्या एका धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या घरात शूटिंग होतं. मुख्य भूमिकेत अहिराणी गाण्यांचा गायक होता. हळदीला डीजेवर त्याचीच गाणी वाजतात. गॉगल, गळ्यात जाड साखळी, मागे नाचणारी पोरं, ही त्याची ओळख. इथे मात्र तो कापूस विकून घरी आलेला कर्जबाजारी शेतकरी होता. ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं.

साखळी काढली, मिशी पिकवली, अंगात मळकी बंडी घातली. रंगभूषेचं काम लवकर उरकलं. खरा घोळ हेडफोनमध्ये ऐकू आला.

प्रसंग छोटा. खरेदी केंद्राची पावती बायकोपुढे ठेवून एवढंच म्हणायचं, ‘पैसा इतलाच उनात’, म्हणजे पैसे एवढेच आले. पावतीवर ओलावा 11 टक्के. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांपुढे ओलावा भरला की दर उतरतो आणि 12 च्या पुढे माल घेतच नाहीत, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. त्यामुळे वाक्यात दुःख घालायची गरजच नव्हती. हा गडी ते घालत होता, तेही सुरात. ‘उनात’चा ‘ना’ लांबायचा आणि शेवट अलगद खाली उतरायचा. वाक्याआधी छातीभर श्वास, तोही कॉलर माइकमध्ये स्वच्छ. उजवा हात नकळत हनुवटीपाशी, कारण स्टेजवर माइक तिथेच असतो. तालमीत संवादाची पातळी उणे 20 डेसिबलच्या आसपास लावली होती. टेकमध्ये ती उणे 8 वर उडायची, म्हणजे आवाज बराच मोठा व्हायचा. धाब्याच्या मातीच्या भिंती आवाज पितात, घुमू देत नाहीत. म्हणून तो आणखीच फेकून बोलायचा. दिग्दर्शक ‘भाऊ, हळू’ म्हणाला की आवाज खाली जायचा, चाल तशीच राहायची.

मग उपाय ठरला तो श्वासाचा. आधी श्वास पूर्ण सोडायचा, एक क्षण थांबायचं आणि उरलेल्या हवेवर बोलायचं. त्या हवेत स्वर लांबवता येत नाही. हातालाही काम दिलं: पुढ्यात सुकलेली बोंडं ठेवली, त्यांतली कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी काढायची. बोंडाचं टोक नखात घुसतं, बोट अडखळतं, वाक्यही अडखळतं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कापडी चिकटपट्टीच्या दोन घड्यांमध्ये बसवला, नाहीतर घामाने ओली बंडी घासून खरखर येते. बूम, म्हणजे लांब दांडीवरचा माइक, डोक्यावरून, चौकटीच्या जेमतेम बाहेर. जनरेटर गल्लीच्या पलीकडे नेला. बाहेर ‘दादा, एक गानं म्हना’ करणाऱ्या पोरांना तिथल्याच एका आजींनी गप्प केलं. आमच्या माणसांचं कुणी ऐकत नव्हतं.

नंतरच्या टेकला त्याचा आवाज कोरडा आला, मध्येच तुटला. बायको झालेल्या नटीने ठरलेलं उत्तर दिलंच नाही, नुसती पावती उलटी केली. दिग्दर्शकाने तेच ठेवलं.

गायक नट झाल्याची उदाहरणं आपल्याकडे जुनी आहेत. गायक विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आणि 1936 मध्ये पडद्यावर तुकाराम झाले. पण तिथे अभंग सोबतीला होते. आमच्या माणसाला एकही ओळ गायची नव्हती.

टेक संपल्यावर खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित केली, संकलनात मोकळ्या जागा भरायला. त्याच टेकच्या शेवटी बाहेर शेळी ओरडली होती, म्हणून निर्मात्याने डबिंग सुचवलं. मी नको म्हटलं. स्टुडिओत तोंडापुढे माइक आला की हा पुन्हा गायला लागणार. शेळी राहू दिली.