बर्फावर दोनदा दोन स्टॉप

लॅबच्या लाइट टेबलवर गिऱ्हाइकाचा स्लाइडचा (सरळ खरं चित्र उमटणाऱ्या फिल्मचा) रोल पसरला, तर बर्फाच्या जागी नुसती पारदर्शक फिल्म. छत्तीस फ्रेममध्ये एकच बरोबर: बर्फ पांढरा, त्यावर वाऱ्याने काढलेल्या रेघा शाबूत. मला छळलं ते त्या एका फ्रेमनेच.

‘प्रोसेसिंग बिघडलं’ असं गिऱ्हाईक म्हणणारच. आमच्या काउंटरवरच्या पोराने ते कबूलही करून टाकलं! पण दोन फ्रेमच्या मधल्या, उजेड न लागलेल्या पट्ट्या गर्द काळ्या होत्या. पहिला डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुतानाचं पहिलं रसायन, जास्त झाला असता तर आधी त्याच फिकटल्या असत्या.

मग गिऱ्हाइकाची सेटिंगच्या नोंदींची वही मागवली. १०० आयएसओची (फिल्मच्या वेगाचा आकडा) फिल्म, लख्ख ऊन, १/१२५ सेकंदाला एफ ८ (एफचा आकडा लहान, तेवढं भिंगाचं छिद्र मोठं). अशा उन्हात १/१२५ ला एफ १६ पुरतं. म्हणजे बरोबर दोन स्टॉप जास्त; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, दोन म्हणजे चौपट.

‘बर्फाला दोन स्टॉप वाढवा’ हे पाठ सगळ्यांना असतं. कुठल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला, ते कोणी विचारत नाही. कॅमेऱ्यातला मीटर समोरून परतणारा उजेड मोजतो आणि बर्फालाही मध्यम करडा समजतो. तो एफ १६ ला १/५०० सांगतो, आपण दोन स्टॉप वाढवून १/१२५ वर येतो. यांच्याकडे होता पांढऱ्या घुमटाचा हातमीटर. तो पडणारा उजेड मोजतो. समोर बर्फ असो की कोळसा, त्याला फरक पडत नाही. त्याने थेट एफ १६ सांगितलं, त्यावर यांनी दोन स्टॉप चढवले. स्लाइडवर मी उलट अर्धा स्टॉप कमीच केला असता.

आणि ती एक फ्रेम? लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, पाहिलं तर सावल्याच नाहीत. ढग आला होता, उजेड दोन स्टॉपने कमी झाला होता, आणि सेटिंग बदलायचं राहून गेलं होतं.

त्याच दिवशीचा, त्याच सेटिंगचा निगेटिव्हचा रोल मीच आठवडाभर आधी स्कॅन केला होता. निगेटिव्ह दोन स्टॉप जास्तीचे सहज पचवते. जास्त उजेडाने ती काळपट, दाट झाली होती, ते दिसलं होतं. स्कॅनरही बर्फ करडा करू पाहतो, म्हणून असल्या फ्रेमची डेन्सिटी (फिकट-गडदपणा) मी हातानेच लावतो. तशी लावली, बर्फ पांढरा आला, रोल पाकिटात घातला. दाटपणाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचे याआधीचे किती रोल मी असेच गुपचूप सुधारून दिले असतील?