आमची वाटचाल : आधी कापून बघणारे

जुन्या सपाट छपराच्या पोटात काय चाललंय, ते वर उभं राहून कळत नाही. आज हे वाक्य मी सहज लिहितो, पण ते शिकताना छपरांची गळती थांबवणारी आमची फर्म बुडता बुडता राहिली.

सुरुवात दादांनी आणि मी केली. ते माझे सख्खे भाऊ नव्हेत. माझ्याहून १८ वर्षांनी मोठे, मूळचे गवंडी, नंतर मेंब्रेनच्या, म्हणजे पाणी अडवायला छपरावर घालतात त्या चादरीच्या, कामात मुरलेले. हिशेब, ग्राहक, मालाची खरेदी माझ्याकडे आणि छप्पर त्यांच्याकडे. पहिली चार वर्षं कामं मिळत गेली, पैसे येत गेले, त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही.

दादांच्या हत्यारांबद्दल मात्र सांगायलाच हवं. त्यांच्या करणीचं टोक त्यांनी दगडावर घासून गोल केलं होतं. टोकदार करणी गरम सांध्यावर फिरवली की मेंब्रेनला जखम होते, गोल टोक डांबर नीट दाबत जातं. मेंब्रेनचा एक पट्टा दुसऱ्यावर चढतो तो लॅप, बाजूला १० सेंटिमीटर, टोकाला १५, यात त्यांनी कधी बोटभर सवलत घेतली नाही. गॅसच्या टॉर्चने दोन्ही पृष्ठं सारखी तापली की लॅपच्या काठाने वितळलेल्या डांबराची बारीक काळी कड बाहेर येते. "कड आली तर सांधा झाला. नाही आली तर नुसता चिकटवलाय," असं ते म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सगळं गार झालं की तीच करणी घेऊन ते प्रत्येक सांध्याच्या काठावरून चालत जायचे. टोक आत शिरलं की तिथे खडूची खूण. आमच्याकडे याला 'सांधे वाचणं' म्हणतात. नवीन मुलाला टॉर्च हातात मिळतो तो सांधे वाचता आल्यावरच.

दुसरं हत्यार म्हणजे पाण्याची पारदर्शक नळी. लेझर लेव्हल आमच्याकडे आता आहे, पण नळी मी टाकली नाही. उतार ८० ला १ हवा, म्हणजे दहा मीटरला साडेबारा सेंटिमीटर. जुन्या इमारतींत तो कागदावर असतो, स्लॅब मात्र मधे बसलेला असतो. पाऊस थांबून ४८ तास झाले तरी पाणी उभं असेल, तर ते छप्पर पाणी धरतंय असं समजा. दहा मीटर बाय दहा मीटरच्या खोलगट भागात पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे पाच टन वजन. वजनाने तो भाग आणखी वाकतो, वाकला की आणखी पाणी साठतं. मालक म्हणतात, "थोडंसं पाणी राहतं, एवढंच." हे ऐकलं की मला अजूनही राग येतो.

आता त्या कामाकडे येतो.

एका मोठ्या व्यापारी इमारतीचं छप्पर होतं. वरचं मेंब्रेन उन्हाने कडक झालेलं, मगरीच्या पाठीसारखं तडकलेलं. खाली इन्सुलेशन म्हणजे उष्णता रोखणारा थर, त्याखाली स्लॅब. मालकांना घाई होती. जुनं न काढता वरूनच नवा थर द्या, दुकानं बंद ठेवता येणार नाहीत, असा त्यांचा आग्रह. आम्ही तीन ठिकाणी कापून पाहिलं. तिन्ही तुकडे कोरडे निघाले. दादा म्हणाले, "यंत्रांच्या चौथऱ्यांपाशी एक कापू या." मी म्हणालो, उशीर होतोय. ही चूक माझी, दादांची नाही, हे इथे लिहून ठेवतो.

एसीच्या यंत्रांचे चौथरे, पाइप आत जातात त्या जागा, कठडा आणि छप्पर जुळतात तो वाटा, पाणी जाण्याचं तोंड... गळती जवळजवळ नेहमी इथूनच सुरू होते, छपराच्या मधल्या मोकळ्या मैदानातून क्वचित. आम्ही कापलं ते मैदानात. चौथऱ्यांभोवतीचं इन्सुलेशन स्पंजासारखं भिजलेलं होतं आणि त्यावर आम्ही नवं मेंब्रेन टॉर्चने चिकटवून ते बंद केलं. आत कोंडलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट राहिली नाही. पहिल्या कडक उन्हात वाफ धरून फुगे आले, ताटाएवढे, मग परातीएवढे. एक फुगा सांध्यावर आला आणि सांधा उचकटला. पुढच्या पावसात खालच्या दुकानांत पाणी.

आमचं उरलेलं बिल थांबलं, ते समजू शकतो. पण त्याच सुमारास आमच्याकडेच काम शिकून बाहेर पडलेल्या एकाने स्वतःचा धंदा सुरू केला होता. त्याने त्या फुग्यांचे फोटो काढले आणि आमच्या ग्राहकांना एकेक करून दाखवले. सोबत त्याचा प्रस्ताव: काही तोडायचं नाही, काही काढायचं नाही, वरून पांढरा लेप आणि दहा वर्षांची हमी. मेंब्रेन कसं उलगडायचं, हे दादांनी त्याचा हात धरून शिकवलं होतं. ते मी अजून विसरलेलो नाही आणि विसरेन असं वाटत नाही. त्या वर्षी आमची सात मोठी कामं त्याच्याकडे गेली.

आम्ही त्या इमारतीचं छप्पर स्वखर्चाने स्लॅबपर्यंत खरवडून काढलं आणि नव्याने केलं. त्यासाठी एक गाडी विकली, दोन टॉर्च आणि कटिंगचं मशीन विकलं. दादांनी आठ महिने त्यांच्या वाट्याचे पैसे घेतले नाहीत. मुलांचा पगार मात्र एकदाही चुकवला नाही.

त्या काळात आमच्याबरोबर राहिलेले ग्राहक बोटांवर मोजण्याइतके. त्यात छापखान्याचे काका पहिले. त्यांच्याकडे कागदाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. एक थेंब म्हणजे एक गठ्ठा वाया. फोटो त्यांनाही दाखवले गेले होते. त्यांनी मला बोलावून सरळ विचारलं, "चूक कुठे झाली?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग माझ्या छपरावर दहा ठिकाणी कापा." आम्ही कापलं. दोन तुकडे ओले निघाले, दोन्ही पाणी जाण्याच्या तोंडापाशी. तेवढाच भाग काढून बदलला. बाकी छप्पर नंतर बरीच वर्षं टिकलं, कारण काकांनी ते जपलं. दर तीन महिन्यांनी ते स्वतः वर जाऊन पाण्याची तोंडं साफ करून घेत आणि वहीत तारीख लिहीत. आम्ही दिलेल्या नकाशावर प्रत्येक डागडुजीची जागा लाल शाईने भरत. इतकी नीट वही मी एखाद्या कंत्राटदाराकडेही पाहिलेली नाही.

लेपांवर माझा आक्षेप नाही. छप्पर कोरडं आहे, उतार ठीक आहे, मेंब्रेन चिकटलेलं आहे, तर चांगला लेप ऊन परतवतो आणि खालच्या थराचं आयुष्य वाढवतो. पण पाण्यात मिसळून लावायचे साधे ॲक्रिलिक लेप तुंबलेल्या पाण्याखाली मऊ पडतात, सुटतात. बऱ्याच हमीपत्रांत तुंबलेल्या पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. हमी किती वर्षांची, याआधी ते कलम शोधून वाचा. त्या सातपैकी चार इमारतींचे मालक पुढे आमच्याकडे परत आले. लेपाखाली इन्सुलेशन कुजलेलं होतं. त्यातल्या एकांनी आमचा खर्चाचा अंदाज पाहून पुन्हा लेपच लावून घेतला. त्यांना मी आजही सांगेन, तो पैसा वाया गेला.

इमारत सांभाळणाऱ्यांनी काही गोष्टी कराव्यात असं मला मनापासून वाटतं. नवीन यंत्र, फलक किंवा अँटेना बसवायला येणाऱ्यांना छपरावर एकटं सोडू नका. त्यांनी मारलेला एक स्क्रू आमचं वर्षाचं काम घालवतो. कठड्यावर मेंब्रेन निदान १५ सेंटिमीटर वर चढलेलं आहे ना, ते बघा. जुन्या छपरावर थरावर थर चढवत गेलं की कठडा बुटका होत जातो आणि हीच उंची पहिली मरते. जुन्या डांबरावर पीव्हीसीचं मेंब्रेन थेट घालू देऊ नका, मधे वेगळा थर हवाच, नाहीतर पीव्हीसी कडक होऊन आकसतं. छतातून थेंब पडतो तिथेच वर भोक असेल असं धरून चालू नका. स्लॅबवर पाणी कित्येक मीटर सरकून मग वाट शोधतं. थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करून घ्यायची असेल तर कोरड्या दिवशी, सूर्य मावळल्यावर. ओलं इन्सुलेशन दिवसभराची ऊब धरून ठेवतं आणि चित्रात उजळ दिसतं. तरीही जिथे उजळ दिसेल तिथे कापून खात्री करा. कॅमेरा जागा सांगतो, किती ओल आहे ते हातच सांगतो.

छप्पर कधी बदलायचं, याचं आमचं उत्तर साधं आहे. कापलेल्या तुकड्यांपैकी साधारण चौथा हिस्सा ओला निघाला की आम्ही डागडुजीचा भाव देत नाही. काम हातचं गेलं तरी चालतं.

मागच्या वर्षी काकांच्या छापखान्याचं छप्पर बदललं. वय झालं होतं, तुकडे जागोजागी ओले निघत होते. काकांनी वही पुढे केली आणि म्हणाले, "आता वेळ आली, हे मलाच दिसतंय." मशीन बंद न ठेवता आम्ही तुकड्या-तुकड्याने काम केलं. सकाळी जेवढं उघडायचं, तेवढं संध्याकाळपर्यंत बंद करायचं. टॉर्च विझवल्यावरही एक माणूस दोन तास वर बसवला होता, खाली कागद आहे म्हणून. चौथऱ्यांपाशी मी स्वतः कापून पाहिलं.

दादांचे गुडघे आता साथ देत नाहीत, ते कामावर येत नाहीत. शेवटच्या दिवशी मात्र कठड्याला धरून जिना चढून आले. खिशातून ती गोल टोकाची करणी काढली आणि पहिल्या सांध्यापासून वाचायला लागले. दुपारपर्यंत दोन ठिकाणी खडूची खूण झाली होती. मुलांनी लगेच टॉर्च पेटवला.