डोक्यावरची रेघ खाल्ली आणि चार दिवस गेले

धायरीच्या वर्कशॉपमध्ये छोटा वजनकाटा बनवत होतो. लोडसेल (वजनाचा विजेचा इशारा बनवणारा), एडी ७७९३ ही २४ बिटांची एडीसी चिप (त्या इशाऱ्याचा आकडा बनवणारी) आणि सगळं चालवणारा एक मायक्रोकंट्रोलर. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सामान आणणं, ती १६ पायांची चिमुकली चिप सोल्डर करणं, सगळं एका दुपारी उरकलं. चिपशी बोलायला एसपीआय मोड ३ ठेवला, तिची ओळख सांगणारं आयडी रजिस्टरही (रजिस्टर म्हणजे चिपमधला आकड्यांचा कप्पा) नीट वाचलं गेलं.

मग आलं स्टेटस रजिस्टर. ८ बिटं, त्यातलं सगळ्यात वरचं म्हणजे ७ नंबरचं रेडीचं, कागदावर आरडीवाय. ते वाचायची आज्ञा म्हणून हेक्स ४० पाठवलं, उत्तर आलं हेक्स ८८, म्हणजे बिटांत १०००१०००. वरचं बिट १, म्हणजे रीडिंग तयार! मी लूप लिहिला: हे बिट १ होईपर्यंत थांब, मग डेटा वाच.

दुर्दैव असं की तो चालला. २ किलोचं वजन ठेवलं की २०००, २००१, १९९९, आणि मधेच १४८७. पुन्हा २०००. पूर्ण बंद पडलं असतं तर पहिल्याच दिवशी शोधलं असतं. अधूनमधून उडी मारणाऱ्या आकड्याने मात्र वायरी बदलायला लावल्या, लोडसेल बदलायला लावला, दुसरी चिप लावायला लावली. शेजारच्या वेल्डिंगवाल्याशी भांडलोसुद्धा, "तुमच्या मशीनमुळे माझा काटा नाचतो." खरं तर ही चिप डिफॉल्ट १६.७ हर्ट्झवर आपल्याकडच्या विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट बराच दाबते. पण तेव्हा कोण ऐकणार!

चौथ्या दिवशी आमच्याकडे शिकायला येणारा आयटीआयचा पोरगा मोबाइलवर डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, बघत होता. म्हणाला, "दादा, यात आरडीवायच्या डोक्यावर रेघ आहे. तुमच्या कागदावर नाही."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दिलेल्या फिकट प्रतीत ती आडवी रेघच उडाली होती. रेघ म्हणजे उलटा हिशेब: ० असेल तर तयार, १ असेल तर थांबा. ८८ म्हणजे 'अजून नाही', ०८ म्हणजे 'घ्या'. जन्मभर शिरोरेघा ओढत आलेला मराठी माणूस, आणि रेघ न दिसल्याने अडकलो! त्यात कहर म्हणजे नवा आकडा रजिस्टरमध्ये भरायच्या जरा आधी चिप हे बिट मुद्दाम १ करते, 'आता हात लावू नका' म्हणून. माझा लूप अधूनमधून नेमका त्याच क्षणी हात घालत होता. १४८७ तिथूनच येत होता.

अट उलटी केली. एका अक्षराचा बदल. काटा गप्प बसला.

एक राहिलं: ६ नंबरचं बिट चूक दाखवणारं. ते १ झालं तर इनपुट मर्यादेबाहेर गेलंय, तो आकडा टाकून द्या. आणि मधेच चिपचं संभाषण भरकटलं तर सलग ३२ वेळा १ पाठवा, ती रीसेट होते. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, त्यामुळे मी तिला निष्कारण बरेचदा रीसेट केलं. डेटाशीट स्क्रीनवरच वाचा, मोठी करून.

वेल्डिंगवाल्याला अजून काही बोललेलो नाही. काल चहाच्या टपरीवर त्यानेच विचारलं, "काय साहेब, काटा नाचायचा थांबला का?" मी म्हटलं, "हो, तुम्ही मशीन जरा लांब सरकवलंत ना, म्हणून."